सराफ्यातून रात्री खाऊन आल्यावर ब्रश न करता झोपू नका: प्लाक ओळखायचा कसा आणि रोज काढायचा कसा

आधी एक करून बघा. खालच्या समोरच्या दातांची आतली बाजू, म्हणजे जिभेकडची, तिथे हिरडीला लागून नखाने हलकेच खरवडा. पांढरट, लोण्यासारखं काही नखावर आलं ना, तोच प्लाक. आणि नखाला टणक खडबडीत लागलं आणि काहीच निघालं नाही तर ते कीटण, डेंटिस्ट ज्याला टार्टर म्हणतात. मऊ आहे तोवर ते तुमच्या हातात आहे, एकदा दगड झाला की ब्रश कितीही घासा तो निघत नाही, आणि मऊचा दगड व्हायला एक-दोन दिवसांतच सुरुवात होते कारण लाळेतलं कॅल्शियम त्यात बसत जातं. खालच्या दातांच्या मागे सगळ्यात जास्त साठतं ते याचमुळे, लाळेची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात.

खूप जणांना वाटतं प्लाक म्हणजे अडकलेलं अन्न, चूळ भरली की झालं. पण तो जिवंत बॅक्टेरियाचा थर असतो, स्वतःच्याच चिकट पदार्थात गुंडाळून दाताला धरून बसलेला, म्हणून पाण्याने जात नाही, घासूनच काढावा लागतो. १६८३ मध्ये लेव्हेनहुक या डच संशोधकाने स्वतःच्या दातांवरचं हेच काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तेव्हा त्याला त्यात हलणारे बारीक जीव दिसले होते.

आता हे जीव खातात काय, तर आपण खातो तेच, त्यातही साखर त्यांची आवडती. साखर खाऊन ते अॅसिड सोडतात, आणि तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातले, क्षार विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू सावरून घेते, पण तिला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. आता आपल्या इंदूरचा दिवस बघा, सकाळी पोहे-जलेबी, अकराला चहा, दुपारी येता-जाता शेवेच्या डब्यात हात, संध्याकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली, आणि कोणी पाहुणे आले की रात्री सराफा (सोनारांच्या गल्लीत रात्री भरणारा खाण्याचा बाजार), तिथे गराडू म्हणजे तळलेला कंद, खव्याची मावाबाटी, वर गोड पान. लाळेला सावरायला वेळच कुठे मिळतो? म्हणून मी कोणाला जलेबी सोडा म्हणत नाही (सोडणार कोण, भिया), पण जेवणाबरोबर खा, दिवसभर थोडं थोडं चरत राहू नका. गोड किती खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं असतं. शेव आणि बिस्किटंही साधी समजू नका, दाढेच्या खाचांत त्यांचा लगदा बराच वेळ बसून राहतो.

आणि रात्रीचं ब्रश. झोपेत लाळ खूप कमी होते, म्हणजे सराफ्यातून एक वाजता येऊन तसंच झोपलात तर बॅक्टेरियाला सकाळपर्यंत मोकळं रान. दोनपैकी एकच ब्रश जमत असेल तर रात्रीचा करा. फक्त लिंबू सरबत किंवा लिंबू पिळलेलं गराडू आत्ताच खाल्लं असेल तर आधी साधी चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा, आंबटाने इनॅमल थोडा वेळ मऊ पडलेलं असतं.

माझ्या आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, तर ती म्हणायची "तिथे लागतं गं, मी ब्रश लावतच नाही", आणि आम्हीपण ऐकून घेतलं. हीच चूक. रक्त येतं ते बहुतेक वेळा तिथे प्लाक साठून हिरडी सुजलेली असते म्हणून, आणि ती जागा सोडली की आणखी साठतो. डेन्मार्कमध्ये १९६५ साली छापलेला एक प्रयोग आहे, धडधाकट माणसांना दात घासणंच बंद करायला लावलं, तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं परत सुरू केल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज परत फिरते. पण आत हाड झिजायला लागलं की ते परत येत नाही, म्हणून वाट बघू नका.

घासायचं कसं ते नीट सांगते. ब्रश मऊ केसांचा. ४५ अंशात तिरका धरायचा, केसांची टोकं दात आणि हिरडीच्या सांध्यात येतील असा, आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचा, मग दाताच्या टोकाकडे ओढायचा. भांडी घासल्यासारखं आडवं रगडलं तर हिरडी खाली सरकते. दोन मिनिटं पूर्ण, आतली बाजू न विसरता. फ्लोराइडची पेस्ट घ्या, ट्यूबवर १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असतं, आणि शेवटी फक्त थुंका, खळखळून धुवू नका, नाहीतर फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहाला वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांचं होईतो शेवटचा हात तुम्हीच फिरवा. ब्रश तीन महिन्यांनी बदला.

दोन दातांच्या फटीत मात्र ब्रश पोचतच नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे फटीत घालायचा बारीक धागा, दाताच्या कडेला इंग्रजी सी सारखा वळवून वर-खाली. फटी मोठ्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश सोपा पडतो, आईला तोच जमला. टूथपिक, टाचणी नको.

आणि घरात कोणी अजून मिश्री लावत असेल तर ती तंबाखूच आहे, तिने हिरड्या मजबूत होत नाहीत, रक्त दिसायचं कमी होतं आणि आतला रोग झाकला जातो.

कीटण असेल तर डेंटिस्टकडून स्केलिंग, म्हणजे ते काढायची सफाई, करून घ्या. "सफाई केली की दात हलतात" हे मी इतक्या मावश्या-काकवांकडून ऐकलंय! दात आधीच हललेले असतात, कीटणाने धरून ठेवल्यासारखे वाटतात, ते निघालं की कळतं इतकंच. दोन-चार दिवस थंड झोंबतं, मग जातं. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, किंवा घरात डायबिटीस आहे, तर लगेच दाखवा, साखर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. खर्चाची काळजी असेल तर इंदूरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, सकाळी लवकर जाऊन ओपीडीचा पर्चा काढा.