खेळात उडते मुंडके कसे आणावे: गेममास्टरांसाठी मार्गदर्शन

फँटसी रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे जिथे प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि गेममास्टर बाकीचे जग चालवतो अशा खेळांत, उडत्या मुंडक्यांची परंपरा जुनी आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७५ सालच्या 'ग्रेहॉक' पुरवणीत अनेक डोळ्यांचा, तरंगता बिहोल्डर आला, १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ'मध्ये मलय लोककथांतली पेनांगलान आली, आणि कानांचे पंख झालेले वार्गुईल तर तिसऱ्या आवृत्तीच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'पासून अनेक गेममास्टरांच्या ओळखीचे आहे. असे असूनही प्रत्यक्ष टेबलावर हे राक्षस बहुधा वाया जातात. अंधाऱ्या दालनात तीन-चार मुंडकी भिरभिरत येतात, धनुर्धारी त्यांना बाण मारून खाली पाडतो, कोणीतरी एखादा विनोद करतो आणि खेळ पुढे सरकतो. गेममास्टरने त्यांना चेहरा असलेली वटवाघळे म्हणून वापरले, की याहून वेगळे काही घडण्याची शक्यताच उरत नाही.

मुंडके उडते, या गोष्टीची खेळाडूंना लढाईच्या दोन फेऱ्यांत सवय होते. ज्याची सवय होत नाही तो प्रश्न वेगळा आहे: हे मुंडके कोणाचे, आणि त्याचे धड या क्षणी कुठे आहे? हा प्रश्न खेळाडूंच्या मनात लढाईच्या आधी उभा राहिला, तर अगदी मामुली आकडे असलेला राक्षसही संपूर्ण सेशन तोलून धरतो. पुढील सूचना याच एका धोरणाभोवती आहेत. नियमांची उदाहरणे मुख्यतः पाचव्या आवृत्तीच्या २०१४ नंतरच्या पुस्तकांतली आहेत, परंतु धोरण कोणत्याही नियमसंचाला लागू पडते.

प्रथम प्रकार ठरवावा

तयारीला बसल्यावर पहिला निर्णय असा, की हे मुंडके पहाटे धडाकडे परत जाणारे आहे, धडापासून कायमचे तुटलेले आहे, की त्याला धड कधी नव्हतेच. पेनांगलान, थायलंडची क्रासू आणि जपानी नुकेकुबी हे पहिल्या प्रकारात येतात; त्यांची मुंडकी रात्री शरीर सोडून जातात आणि उजाडण्यापूर्वी त्यांना परतावे लागते. वार्गुईल दुसऱ्या प्रकारात मोडते. आपल्याला परिचित असलेला राहूही याच प्रकारातला आहे, आणि त्याच्या कथेतला एक तपशील खेळासाठी फार उपयोगी आहे: गळ्याखाली काहीच नसल्यामुळे त्याने गिळलेला चंद्र पुन्हा बाहेर येतो. गिळणारे पण पचवू न शकणारे मुंडके हा एक स्वतंत्र राक्षस होऊ शकतो, ज्याच्या तोंडात गेलेले पात्र एका फेरीने गळ्यातून खाली पडते, मात्र पडताना हातातली मशाल आणि शस्त्र गमावून बसते.

बिहोल्डर तिसऱ्या प्रकारातला आहे. तो सर्वांत प्रसिद्ध आहे आणि त्याचे दहा नेत्रदेठ व मधल्या डोळ्याचा जादू निष्प्रभ करणारा शंकू यांमुळे डावपेचांच्या दृष्टीने सर्वांत समृद्धही आहे. पण तो पूर्वी कोणी माणूस नव्हता. त्यामुळे त्याची दहशत वाटते, किळस आणि करुणा वाटत नाही. भयकथा हवी असेल तर माझी पसंती पहिल्या दोन प्रकारांना आहे.

धड हाच खरा नकाशा

परतणाऱ्या मुंडक्याची गोष्ट ही मुळात शोधकथा असते, आणि लोककथांनी तिचे पुरावे आधीच पुरवून ठेवले आहेत. मलय समजुतीनुसार पेनांगलानच्या मुंडक्याखाली आतडी लोंबत असतात. रात्रभर फिरून ती फुगतात, म्हणून शरीरात परत बसावीत यासाठी ती त्यांना व्हिनेगरमध्ये बुडवते. त्यामुळे जिच्या अंगाला सतत व्हिनेगरचा वास येतो, ती स्त्री संशयास पात्र ठरते. अनेक कथांत ती सुईण असते, म्हणजे गावातल्या प्रत्येक घराचे दार तिच्यासाठी उघडे असते. क्रासूबद्दल असे सांगतात, की ती रात्री तरंगत्या उजेडासारखी दिसते आणि बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांना तोंड पुसते, म्हणून सकाळी त्यांवर डाग आढळतात. दक्षिण अमेरिकेतल्या मापुचे लोकांचा चोनचोन आपल्या प्रचंड कानांनी उडतो आणि त्याचा 'तुए तुए' असा आवाज अपशकुनी मानला जातो.

यांपैकी प्रत्येक तपशील हा तयार दुवा आहे, परंतु ते सगळे एका साहसात कोंबू नयेत. दोन पुरेसे आहेत: एक रात्रीचा, जो केवळ भीती निर्माण करतो, आणि एक दिवसाचा, जो एखाद्या ठरावीक माणसाकडे बोट दाखवतो. दिवसाचा दुवा पहिल्याच भेटीत, कोणताही जोर न देता, इतर तीन-चार वर्णनांच्या ओघात सांगून टाकावा. पात्रे धर्मशाळेत उतरतात तेव्हा मालकीण हसतमुख आहे, तिच्या गळ्याभोवती जाड रुमाल आहे, चूल धुराने भरली आहे आणि खोलीत लोणच्यासारखा आंबूस वास आहे, एवढे सांगून पुढे जावे. खेळाडूंना हा वास दुसऱ्या दिवशी आठवला पाहिजे. आठवलाच नाही, तर तो दुसऱ्या एखाद्या ठिकाणी पुन्हा येऊ द्यावा.

यानंतर धडाविषयीचा एकच नियम निवडावा आणि तो पक्का ठेवावा. चौथ्या शतकातल्या गान बाओच्या 'सौशेन जी' या चिनी संग्रहात सेनापती झू हुआनच्या एका दासीची कथा आहे. तिचे मुंडके रात्री कानांचे पंख करून उडून जात असे. एकदा कोणीतरी धडावर पांघरूण ओढल्यामुळे पहाटे परतलेल्या मुंडक्याला जोडले जाता येईना, ते जमिनीवर पडून विव्हळू लागले, आणि पांघरूण काढताच पुन्हा जोडले गेले. तिथेच असाही उल्लेख आहे, की गळ्यावर तांब्याचे ताट झाकल्यामुळे दुसरे एक मुंडके परतू शकले नाही आणि मेले. लाफ्काडिओ हर्नने १९०४ मध्ये इंग्रजीत सांगितलेल्या जपानी कथेत धड नुसते दुसरीकडे हलवले तरी मुंडक्याचा शेवट होतो. पेनांगलानच्या बाबतीत धड फुटक्या काचांनी भरण्याचा उपाय सांगितला जातो. झाकणे, हलवणे, नासवणे, यांतला कोणता उपाय तुमच्या जगात चालतो हे आधी ठरवा आणि तो शोधण्याचे किमान तीन मार्ग ठेवा, कारण खेळाडू त्यांपैकी दोन हमखास ओलांडून जातात.

झू हुआनच्या दासीच्या कथेतला सर्वांत मोलाचा भाग मात्र पुढे आहे. सेनापतीने घाबरून तिला घालवून दिले आणि नंतर त्याला कळले, की हा तिचा उपजत स्वभावच होता. तिने कोणाला इजा केल्याचे कथेत कुठेही नाही. गेममास्टरच्या दृष्टीने ही सोन्याची खाण आहे: पात्रे मध्यरात्री एका निजलेल्या, मुंडके नसलेल्या देहासमोर उभी आहेत, त्यांच्या हातात पांघरूण आहे, आणि या देहाचे मुंडके खरोखर गुन्हेगार आहे की नाही हे त्यांना अजून माहीत नाही. असा प्रसंग लढाईपेक्षा जास्त वेळ घेतो आणि तो वेळ त्याला द्यावा. फासे बाजूला ठेवा, कोण काय म्हणते ते ऐका, आणि खिडकीबाहेरचा काळोख किती फिका झाला एवढेच अधूनमधून सांगत राहा.

वार्गुईलचे गणित

कायमच्या तुटलेल्या मुंडक्यात धडाची जागा बळी घेतो. पुढचे धड कोणाचे, हा प्रश्न होतो. २०१६ च्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स'मधल्या वार्गुईलची किंकाळी ऐकून सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठीची फाशांची चाचणी) चुकलेले पात्र भयाने स्तब्ध होते, आणि असहाय झालेल्या माणसाचे ते चुंबन घेते. ती सेव्हही चुकली तर शाप लागतो: दर तासाला पात्राच्या करिश्माचा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव मोजणाऱ्या आकड्याचा, एक गुण कमी होतो, चेहरा हळूहळू बदलतो, आणि गुण २ वर आले की माणूस मरतो व त्याचे मुंडके फाटून नवे वार्गुईल बनते. सूर्यप्रकाशात किंवा 'डेलाइट' मंत्राच्या क्षेत्रात घालवलेला वेळ मोजला जात नाही.

हे गणित सत्राआधी मांडून पाहावे. करिश्मा ८ असलेल्या योद्ध्याकडे अंधाराचे सहा तास आहेत, म्हणजे एक रात्रही पुरी नाही; १६ असलेल्या बार्डकडे (गायक-पात्राकडे) चौदा तास आहेत. शाप उतरवणारा 'रिमूव्ह कर्स' आणि वेळ थांबवणारा 'डेलाइट' हे दोन्ही तिसऱ्या स्तराचे मंत्र असल्याने क्लेरिकला (पुरोहित-पात्राला) ते पाचव्या पातळीआधी मिळत नाहीत. वार्गुईलचे आव्हान मूल्य (राक्षस किती कठीण हे सांगणारा आकडा) मात्र १ आहे, त्यामुळे नवशिक्या गटासमोर ते बिनधास्त ठेवले जाते आणि मग एका चुंबनाने पात्र मरते, ज्यावर टेबलावरच्या कोणाचाच काही इलाज चालत नाही. असा मृत्यू मला पटत नाही. पातळी कमी असेल तर चुंबन संध्याकाळी घडू देऊ नये, पहाटेच्या सुमारास घडू द्यावे. मग उगवता सूर्य गटाला पूर्ण दिवसाची मुदत देतो, एखाद्या मठापर्यंत पोहोचण्याची धावपळ सुरू होते, आणि ढग, जंगल, बोगदा अशी प्रत्येक सावली धोक्याची ठरते. तिसऱ्या आवृत्तीत केस गळणे, मग कानांचे पंख आणि दाढीच्या जागी सोंडा, असे रूपांतराचे टप्पे दिले आहेत. ते पाचव्या आवृत्तीतही उसने घ्यावेत, कारण गुण कमी झाल्याची नोंद करण्यापेक्षा 'तुझ्या उशीवर केसांचा पुंजका आहे' हे वाक्य अधिक काम करते.

लढाई आणि वर्णन

उंच छताच्या मोकळ्या दालनात उडता शत्रू ठेवला, की तलवारबाज रिकामा बसतो आणि धनुर्धारी कंटाळतो. म्हणून जागा ठेंगणी असावी: तळघर, बोळ, जहाजाचा खालचा मजला. मुंडक्याला खिडकीतून, धुराड्यातून, गजांमधून आत येता येते. धडधाकट माणसाला तिथून बाहेर पडता येत नाही, आणि हा असमतोल खेळाडूंना जाणवला पाहिजे. जाळे, घोंगडी, पिंप अशा वस्तू हाताशी ठेवाव्यात, आणि कोणी मुंडक्यावर पोते टाकण्याचा प्रयत्न केला तर नियम शोधत न बसता एक साधी चाचणी देऊन ते जमू द्यावे.

दर्शन शक्य तितके लांबवावे. आधी आवाज, मग माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, पण पावलांचा आवाज न करता सरकणारा चेहरा. दाराआडून डोकावणारे ओळखीचे तोंड जेव्हा दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत चढत जाते, तेव्हा खेळाडूंना जे कळायचे ते कळते. रक्तमांसाची विशेषणे कमी वापरावीत. चेहऱ्यावरचा एक तपशील, उदाहरणार्थ कानातला एकच डूल किंवा अर्धवट सुटलेली वेणी, तीनदा सांगितला तर पुरतो, कारण पुढे तोच डूल एखाद्या जिवंत माणसाच्या कानात दिसणार असतो.

पेनांगलान आणि तिच्या जातभाईंच्या कथा गर्भवती स्त्रिया आणि नवजात बालके यांच्याभोवती फिरतात. हा भाग टेबलावर आणायचा की नाही, हे मोहीम सुरू होण्यापूर्वी सर्वांना विचारून ठरवावे, आणि खेळ चालू असताना कोणालाही प्रसंग थांबवता येईल अशी एक्स-कार्डसारखी सोय ठेवावी. तो वगळूनही राक्षसाचे काही बिघडत नाही; तो गुरांचे किंवा निजलेल्या प्रवाशांचे रक्त पिऊ शकतो.

पडलेल्या मुंडक्याचे काय

पहाटेपर्यंत अडवून धरलेल्या मुंडक्याचे नेमके काय होते, ते लिहून ठेवावे. खेळाडू त्याला पेटीत कोंडून धन्याकडे नेणार, त्याच्याशी बोलणार, सौदा करणार, हे गृहीत धरावे, आणि त्याला काय माहीत आहे याच्या तीन-चार ओळी तयार असाव्यात. वार्गुईल मेल्यावर त्याचा मूळ चेहरा ओळखता येतो की नाही, हेही ठरवावे. येत असेल, तर गावात कोणीतरी त्याची वाट पाहत असले पाहिजे.

फ्लेमस्कल, म्हणजे ज्वाळांनी वेढलेली उडती कवटी, हा या बाबतीत सर्वांत कपटी आहे. त्याच्याकडे एक 'फायरबॉल' (आगीच्या गोळ्याचा मंत्र) असतो, ज्याची सरासरी इजा २८ आहे, त्यामुळे लढाईनंतर गट भाजलेला आणि थकलेला असतो व साहजिकच शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, मागतो. शॉर्ट रेस्ट किमान एका तासाची असते, आणि अवशेषांवर पवित्र जल शिंपडले नाही किंवा 'डिस्पेल मॅजिक' अथवा 'रिमूव्ह कर्स' वापरला नाही, तर फुटलेली कवटी बरोबर एका तासाने पूर्ण हिट पॉइंटांसह (जीवनशक्तीच्या गुणांसह) उठते. हा योगायोग खेळाडूंवर पहिल्यांदाच उलटू देणे मला अन्यायाचे वाटते. आधीच्या खोलीत कोरड्या पडलेल्या जलपात्राशेजारी तुकडे झालेल्या कवट्यांची रास ठेवावी, भरलेली एक कुपी थोड्या आडजागी ठेवावी, आणि विश्रांतीचा निर्णय जाहीर झाल्यावर घड्याळ लावून, तो तास दहा-दहा मिनिटांनी मोठ्याने मोजावा.