आईची मापांची वही

साताऱ्यात पोवई नाक्यावर रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलने आईला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला. दवाखान्याच्या धावपळीत भरपाई डोक्यातही नव्हती.

मग गाडीच्या विमा कंपनीचा माणूस घरी आला. "चाळीस हजार घ्या, इथं सही करा." आईने सही केली नाही, हे फार बरं झालं. वकीलसाहेबांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज करायला सांगितलं. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे, आणि आमचे चार तर असेच गेलेले!

पोलीस ठाण्यातून एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल आणली. मेडिकलच्या पावत्यांची शाई उडते, म्हणून सगळ्यांची झेरॉक्स काढली. निम्म्या आधीच कोऱ्या पडल्या होत्या, त्या दुकानदाराकडून परत छापून घेतल्या.

खरी अडचण आईच्या कमाईची होती. ती घरी ब्लाउज शिवते, पगारपत्रक कुठून आणणार? शेवटी तिची मापांची वही कामी आली. छाती, बाही, गळा आणि कडेला शिलाईचे पैसे, तारखेसह, अकरा वर्षांचे. गल्लीतल्या दोन काकू साक्षीला उभ्या राहिल्या. पाय आखडल्याने मशीनचं पायडल दाबता येत नाही, हे अपंगत्वाच्या दाखल्यासोबत मांडलं.

निकालाला दोन वर्षं लागली. बुडालेली शिलाई धरली गेली, अर्जाच्या तारखेपासून व्याजही मिळालं. त्यातून आईला मोटारवालं मशीन घेतलंय.