लिनक्स समजावताना या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. तेव्हापासून जुना कॉम्प्युटर घेऊन "यात लिनक्स टाकून द्या की" म्हणणारे माझ्याकडे बरेच येतात. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, मिंट आणि उबुंटू हे तिचे प्रकार. अशा मशीनवर लिनक्स मिंट चांगलं चालतं. पण समजावून सांगणारे आपण त्याच त्या चुका करतो, आणि माणूस आठवड्याभरात वैतागून परत जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आपले शब्द समोरच्याला कळलेत असं धरून चालणं. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना असलेले ओळखीचे एक काका आहेत. त्यांच्या पुतण्याला मी फोनवरच इन्स्टॉलेशन सांगितलं होतं. "सीमधलं सगळं जाईल," एवढं बजावलं. "डीमधलं राहतंय की?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "राहतं." पुढे पडद्यावर 'इरेज डिस्क' असा पर्याय आला. त्याच्या लेखी डिस्क म्हणजे सी. प्रत्यक्षात सी आणि डी हे एकाच हार्डडिस्कचे दोन भाग होते आणि तो पर्याय अख्खी डिस्क पुसतो. डीमध्ये कारखान्याची बिलं होती. शेवटचा बॅकअप दिवाळीतला. बिलबुकातल्या कार्बन कॉप्या समोर ठेवून आम्ही तिघांनी दोन रात्री सगळं पुन्हा टाइप केलं. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून फोनवर इन्स्टॉलेशन सांगणं मी बंद केलंय. आधी कागदावर एक चौकोन काढतो, त्यात सी आणि डीच्या रेघा मारतो आणि "यातलं काय पुसलं जाणार?" हे समोरच्यालाच बोटानं दाखवायला लावतो. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय लिनक्स टाकायच्या पेनड्राइव्हला हात लावत नाही. "आजच्या आज करून द्या," म्हणणाऱ्याला मी सरळ परत पाठवतो. घाई असलेल्या माणसानं हे करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक, 1991 आणि लिनक्सची सुरुवात करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सपासून सुरुवात करणं. इतिहास मलाही आवडतो, पण बिल छापायला आलेल्या माणसाला कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, काय करायचाय? उबुंटू आणि मिंट वेगळे कसे, असं त्यानं विचारलं तर एवढंच सांगतो: सूत तेच, चादरी वेगळ्या.

लिनक्सची 'फुकट' म्हणून ओळख करून देऊ नका. मराठीत 'मुक्त' (वापरायला, बदलायला, वाटायला मोकळं) हा नेमका शब्द आहे, तो वापरा. पैसे आकारूनही मुक्त सॉफ्टवेअर देता येतं.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाइप करताना काही लिनक्सवर काहीच दिसत नाही, हे आधी सांगा. नाहीतर कीबोर्ड बिघडला म्हणून फोन येतो.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून दाखवताना ते हळू चालतं आणि बंद केलं की सहसा त्यातलं काम उरत नाही, हेही आधीच सांगा.

टॅली विंडोजचं आहे. "वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालेल बहुतेक" असलं आश्वासन हिशेबाच्या बाबतीत देऊ नये. तिथं विंडोज राहू द्यावं.

आता मराठी फायली. आपल्याकडे लग्नपत्रिकांपासून सोसायटीच्या नोटिसांपर्यंत ढीगभर मजकूर युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत टाइप केलेला आहे. त्या फाइलच्या पोटात खरं तर रोमन अक्षरांचेच कोड असतात. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि "लिनक्सनं माझी फाइल खराब केली," असा बोभाटा होतो. तोच फॉन्ट बसवला तर मजकूर दिसतो. तरी मी महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला लावतो आणि नवं टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीवर सुरू करून देतो. पहिल्या दिवशी लोक कुरकुर करतात, पण मी ऐकत नाही. घरून येतानाच एक जुनी मराठी फाइल आणायला सांगतो. लाइव्ह चालवून ती उघडतो, नीट वाचता आली तरच पुढचं बोलणं.