परभणीच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक करताना

ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवायला, दुकानात येणाऱ्या पोरांना मी आधी विचारतो, मे महिन्यात भर दुपारी तुझी खोली किती तापते? जानेवारीत ७५ अंशांवर टिकलेला प्रोसेसर खोली १५ अंशांनी तापली की नव्वदीला भिडतो. म्हणून स्ट्रेस टेस्ट, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून बघायची चाचणी, दुपारीच, खोलीतला कूलर बंद ठेवून घ्या.

एएमडीच्या रायझन ५६००एक्स प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश. मी ८५ च्या वर जाऊ देत नाही. सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांना) फिक्स व्होल्टेज देताना १.२५ व्होल्टपासून सुरुवात करा, १.३ ला थांबा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ते 'ऑटो'वर सोडू नका, बोर्ड बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्तच देतो.

रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर असेल तर एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ च्या आतच हवं. २०२३ मध्ये काही चिप जळाल्यावर एएमडीनं ही मर्यादा घातली. जुना बोर्ड असेल तर आधी बायोस अपडेट करा, मगच क्लॉकला, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाला, हात लावा.