शेतात कमावलेली ताकद आखाड्यात कशी आणावी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कटाईला जाणाऱ्या गड्याचा सदरा बघा. एका खांद्यावर चिकाचे काळे डाग, दुसरा खांदा कोरा. वीस-पंचवीस किलोचा घड दिवसभर त्याच खांद्यावरून गाडीपर्यंत जातो. असा गडी संध्याकाळी आखाड्यात उतरला की त्याने धरलेलं मनगट सुटत नाही. पण दोन मिनिटं झटापट झाली की त्याचा दम तुटतो. हे पाहून मला फार हळहळ वाटते, कारण त्या पोराच्या अंगात कमी काहीच नसतं.

शेतातलं काम दिवसभर पुरवून करावं लागतं, म्हणून शरीर पुरवून वापरायलाच शिकतं. मॅटवरची कुस्ती ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंदांची उसंत. तिथे ताकद एकदम फुटावी लागते. शिवाय घड काही दर आठवड्याला जड होत नाही. अंगाला सवय झाली की ताकद वाढायची थांबते. जिमचा खरा गुण यंत्रांत नाही, हिशोबात आहे: किती वजन, किती वेळा, किती विश्रांती. तो हिशोब घरी आणता येतो.

आधी आठवडाभर वहीत लिहा. किती घड वाहिले, कोणत्या खांद्यावर, रात्री कंबर कशी होती. मग खांदा बदला. दर पाच घडांमागे एक दुसऱ्या बाजूने न्या, महिनाभरात निम्मे करा. सुरुवातीला पाय वाकडे पडतील, तोल जाईल. तेव्हा घाई करू नका.

आता वाळूची गोणी, माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. खताची रिकामी गोणी घ्या, तिच्या आत दुसरी घाला, २० किलो कोरडी वाळू भरा आणि तोंड सुतळीने घट्ट आवळा. गोणी गच्च भरू नका. वाळू आत सरकली पाहिजे, कारण समोरचा पैलवानही हातात स्थिर राहत नाही. गोणीला मिठी मारा, कंबर सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर छातीपर्यंत झटक्यात उचला, सावकाश खाली ठेवा. असं पाच वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती. असे चार फेरे. आठवड्यातून दोनच दिवस. फेरे सहज जमू लागले की दोन किलो वाळू वाढवा. कंबरेतून पायात कळ गेली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

वाहण्याच्या कामात न मिळणारं तालमीतून घ्या. ढकलण्यासाठी जोर मारा, ओढण्यासाठी दोर चढा, खांद्याच्या फिरकीसाठी मुद्गल फिरवा. मानेचा व्यायाम मात्र वस्तादांच्या नजरेखालीच करा.

दमासाठी जोडीदार घ्या. ३ मिनिटं पूर्ण जोराने धरपकड, ३० सेकंद श्वास, पुन्हा ३ मिनिटं. आठवड्यातून एकदा पुरे.

कटाईचा जोर असेल त्या आठवड्यात बैठका निम्म्या करा आणि गोणीला हात लावू नका. मजुरी हाही व्यायामच आहे, तो हिशोबात धरलाच पाहिजे. हजार बैठकांचा हट्ट धरून गुडघे घालवलेली पोरं मी पाहिली आहेत. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. आपल्या मातीत दम आहेच, तो जपून वाढवायचा आहे.

जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा सराव पहाटेच उरका, सोबत मीठ घातलेलं ताक ठेवा. जेवणात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असेलच, तिच्याबरोबर डाळ, दूध किंवा अंडी वाढवा. आणि रात्री आठ तास झोपा; दिवसभर ताणलेलं अंग भरून येतं ते झोपेतच.