चेरी कोळंबीच्या फोटोला उजेड वरून द्या

चेरी कोळंबी म्हणजे काचेच्या टाकीत हौसेने पाळतात ती गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी. जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आणि अंग अर्धपारदर्शक. तिचं खरं सौंदर्य त्या अंगाच्या आत आहे. म्हणून आधी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा. तिथून मारलेला उजेड काचेवरून उलट लेन्समध्ये येतो, पाण्यातला कण न् कण पांढरा चमकतो आणि कोळंबी प्लास्टिकच्या तुकड्यासारखी सपाट दिसते.

वेंगुर्ल्यात आमच्या पडवीत टाकी आहे. तिच्या झाकणाच्या काचेवर मी फ्लॅश तोंड खाली करून ठेवते आणि वायरलेस ट्रिगरने उडवते. मध्ये दुधी प्लास्टिकच्या डब्याचं झाकण, म्हणजे उजेड मऊ पसरतो. काच कोरडी आणि पक्की बसलेली हवी. फ्लॅश पाण्यात पडला तर संपलंच. मागे काळा कार्डपेपर लावा.

पाणी आदल्या दिवशी बदला, गाळ बसू दे. फोटोच्या वेळी फिल्टर बंद, काम झालं की लगेच चालू. लेन्स काचेला अगदी काटकोनात धरा. तिरकी धरली की कडा फाटतात, रंग सांडतात. रबरी हूड काचेला टेकवला तर खोलीतलं प्रतिबिंबही येत नाही.

सगळं मॅन्युअलवर: शटर १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचा झरोका एफ ११, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून. टाकीच्या दिव्याचा उजेड यात जवळपास उतरतच नाही. एवढ्या कमी ताकदीवर फ्लॅश सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागापुरताच उडतो, त्यामुळे सतत हलणारे पायही स्पष्ट येतात. फोटो काळा आला तर आयएसओ वाढवण्याआधी फ्लॅश जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. एफ २२ वर जाऊ नका, झरोका एवढा बारीक केला की इतक्या जवळून सगळंच धूसर पडतं.

१:१ वर, म्हणजे कोळंबी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर फोकसमध्ये राहतं. ऑटोफोकस बंद करा, स्वतः किंचित मागेपुढे व्हा आणि डोळा स्पष्ट झाला की बटण दाबा.

अंडी धरलेली मादी दिसली तर मात्र घाई करू नका. पोटाखालची अंडी ती पायांनी सारखी हलवत असते, त्यांना ताजं पाणी लागतं. फ्लॅश थोडा मागच्या काचेकडे सरकवा. उजेड अंड्यांतून आरपार येतो आणि पिल्लं निघायच्या आधीच्या दिवसांत प्रत्येक अंड्यात काळे ठिपके दिसतात. ते पिल्लांचे डोळे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा फोटो हाच. तेव्हा टाकीवर सावली पाडू नका. माझ्या कोळंब्या फ्लॅशला हलत नाहीत, सावलीला मात्र पळतात.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ट्रिगरच्या धातूच्या टोकांवर क्षार धरतो. कोरड्या सुती फडक्याने पुसत जा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा.