मार खाल्लेलं कुत्रं सोडवून आणलंय? या चुका टाळा

छळ झालेलं कुत्रं घरी आलं की आपल्याला घाई होते. पोटभर खाऊ घालावं, अंघोळ घालावी, कुशीत घ्यावं असं वाटतं. माया खरी असते, पण पहिले काही दिवस त्याला तीच सोसत नाही.

आधी पोटाचं. कित्येक दिवस उपाशी असलेल्या कुत्र्यापुढे पातेलंभर दूध-भाकरी ठेवू नका. शरीर उपासाला सरावलेलं असतं. एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातले क्षार झपाट्याने घटतात, हृदय कोलमडू शकतं आणि सुटका झालेला जीव खाण्यानेच दगावतो. मीठ-मसाला न घातलेला भात आणि उकडलेलं चिकन थोडं थोडं, दिवसातून चार-सहा वेळा द्या. प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. आपल्या नाशकात हंगामात घरोघरी द्राक्षं असतात, तीही देऊ नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

राखणीला वर्षानुवर्षं बांधलेल्या कुत्र्याची साखळी कधी कधी मानेत रुतलेली असते. ती घरी ओढून काढू नका. जखमेत अळ्या असतील तर फिनेल किंवा रॉकेल ओतू नका, आणि आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर मुळीच नको. घरात दुसरं कुत्रं असेल तर दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा. पार्वो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार असेच घरात शिरतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते भीतीच्या बाबतीत. कुत्रं कॉटखाली दडून बसलं की लोक त्याला ओढून बाहेर काढतात, मोबाइल समोर धरतात, शेजारीपाजारी बघायला येतात. त्याला दडू द्या. खाणं ठेवा आणि त्याच्याकडे पाठ किंवा बाजू करून बसा. डोळ्यांत रोखून बघू नका, वरून डोक्यावर हात नेऊ नका. झाडू उचलला तरी ते थरथरतं, म्हणून केर ते नसलेल्या खोलीत काढा. गुरगुरलं तर रागावू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी थेट चावेल. बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवती बांधायचे पट्टे) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही लावा, कारण घाबरलेलं कुत्रं नुसत्या पट्ट्यातून मान सोडवून गंगापूर रोडच्या गर्दीत क्षणात दिसेनासं होतं.

चावलंच, किंवा दात नुसता घासला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद-तिखट भरू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

आणि मालकाच्या दारातून कुत्रं परस्पर उचलू नका, चोरीचा आळ येईल. आधी फोटो, व्हिडिओ घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जेमतेम 10 ते 50 रुपये आहे, हे संतापजनक आहे. पण विष घातलं, अपंग केलं किंवा जीव घेतला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागू होतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तसं घडलं असेल तर डॉक्टरांचा लेखी अहवाल जोडून हे कलम लावण्याचा आग्रह धरा.